चित्राखालचं नाव

वर्ष १९८२, मार्चचा पहिला आठवडा. उटनूरच्या बसस्टँडवर आदिलाबादची पहिली गाडी सुटायच्या बेतात आहे. तुमच्या खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिच्यात दोन सदरे, फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण. १३ फेब्रुवारीला भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी इंदिरा गांधींनी ‘भारत भवन’ नावाच्या वास्तूचं उद्घाटन केलं, असं त्यात छापलंय. तिथल्या कलासंग्रहालयात शहरातल्या नामांकित चित्रकारांच्या बरोबरीनं रानातल्या माणसांची कामं मांडली आहेत, असंही छापलंय. त्यांतला एक तरुण मंडला जिल्ह्यातला परधान आहे. ही शेवटची ओळ तुम्ही इतक्यांदा वाचली आहे, की घडीवर कागद फाटत आलाय.

कारण तुम्हीही परधान. वय पंचविशीच्या आगेमागे, तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत गुरुजी. घरात तुम्ही मराठी बोलता, बाजारात तेलुगू, आणि तुमचा बाप गोंडांच्या अंगणात बसला की गोंडीतून गातो. या भागातल्या परधानांचं हे जुनं वळण आहे. घरची बोली मराठी, गाण्याची भाषा गोंडी. गोंडांच्या कुळांना आपापले परधान असतात. पेरसा पेन या कुळदेवाच्या पूजेला, लग्नाला, मयताच्या दिवसाला परधान तीन तारांची किकरी घेऊन येतो, आणि त्या कुळाचे पूर्वज कुठून निघाले, कुठे थांबले, कुणाशी लढले, कुणाशी सोयरीक जुळली, हे रात्र सरेपर्यंत सांगतो. यजमानाच्या घरातल्या कित्येक पिढ्यांची नावं तुमच्या बापाच्या जिभेवर आहेत. त्याचं स्वतःचं नाव मात्र रेशनकार्डाखेरीज कुठेही लिहिलेलं नाही.

काल रात्री आई म्हणाली होती, “चित्रं पाहाले एवढ्या दूर काऊन जातं रे? पैसे का झाडाले लागले?”

बापानं किकरीची तार पिळता पिळता उत्तर दिलं, “जाऊ दे त्याले. आपला माणूस हाय थो.”

गाडी हलते. सागाची पानं झडून गेली आहेत, उघड्या फांद्यांच्या मागे पळस लालभडक फुललाय. अर्ध्या-पाऊण तासात इंद्रवेल्ली येते आणि गाडीतली बोलणी आपोआप थांबतात. गेल्या वर्षी, २० एप्रिल १९८१ला, सोमवारच्या बाजाराच्या दिवशी इथे गोंड माणसं जमिनीच्या हक्कासाठी सभेला जमली होती आणि पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्यांचा सरकारी आकडा तेरा. गावागावांत सांगितला जाणारा आकडा त्याहून फार मोठा आहे. त्या दिवसांत पहिल्यांदाच देशभरच्या वर्तमानपत्रांत तुमच्या मुलखाचं नाव झळकलं, आणि ते असं. इथून जवळच केसलापूर. जानेवारीतल्या पुष्य अमावस्येला तिथे मेसराम कुळाची नागोबाची जत्रा भरली होती. गोदावरीचं पाणी पायी चालत आणून देवाला घातलं गेलं, परधान गायले. त्या जत्रेची बातमी तुमच्या हाती पडलेल्या कुठल्याही वर्तमानपत्रात तुम्हाला दिसली नव्हती. कात्रण पिशवीत नीट आत सरकवून तुम्ही खिडकीबाहेर बघत राहता.

आदिलाबादला गाडी बदलून तुम्ही नागपूरच्या रस्त्याला लागता. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. दुकानांच्या पाट्या देवनागरीत होतात. पांढरकवडा, हिंगणघाट, बुटीबोरी. चहाच्या टपरीवर तुमची बोली ऐकून कुणी मान वर करत नाही. इथे सगळेच असं बोलतात. रात्री नागपूरहून दिल्लीकडे जाणारी रेल्वे, बिनआरक्षणाचा डबा, दाराजवळ पोत्यावर जागा. आमला, बैतूल, घोडाडोंगरी. अंधारात सातपुडा चढतो नि उतरतो. या डोंगरांतही गोंडांचीच गावं आहेत. नकाशात त्यांच्यामधून तीन राज्यांच्या हद्दी गेल्या, म्हणून तुम्हाला ती परकी वाटत आली. इटारसीनंतर उजाडता उजाडता होशंगाबादच्या पुलाखाली नर्मदा दिसते. बाया खिडकीतून नाणी टाकतात. हेच पाणी वर, डोंगरात, मंडल्यावरून आलंय. तिथेच पाटनगढ नावाचं गाव आहे, आणि ज्याला भेटल्यासारखं वाटावं म्हणून तुम्ही निघालात तो त्या गावचा.

भोपाळचं स्टेशन गजबजलेलं आहे. हमाल, फेरीवाले, फलाटावरच अंघोळ आटोपणारी माणसं. हा प्रवास तुम्ही पुढच्या काळातून मागे येऊन करता आहात, म्हणून तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे जी या फलाटावर कुणालाच ठाऊक नाही. २ डिसेंबर १९८४च्या मध्यरात्रीनंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला वायू याच भागावर उतरणार आहे. जरा वेळ तुम्ही त्या चेहऱ्यांकडे बघत उभे राहता. मग रिक्षावाल्याला शामला टेकडी सांगता.

टेकडीवर रिक्षा थांबते आणि तुम्ही इमारत शोधू लागता. रस्त्यावरून ती जवळजवळ दिसतच नाही. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ती उताराच्या पोटात बसवली आहे. फाटकातून शिरायचं ते गच्चीवर, आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जायचं. एक चौक संपला की दुसरा, त्याच्या कडेला झाडं, मधूनच तलावाचं पसरलेलं पाणी. दालनं या चौकांच्या भोवती जमिनीत शिरलेली आहेत आणि उजेड त्यांच्यात वरून येतो. राजवाड्यासारख्या उंच पायऱ्या नाहीत, खांब नाहीत. डोकं वर करून भीत भीत आत जावं असं काही नाही. उतारावरच्या पाड्यात एका घराच्या ओट्यावरून दुसऱ्याच्या अंगणात उतरावं तसे तुम्ही उतरत जाता. पायातल्या चपलांचा विचार मनात येऊन जातो. फाटकावरचा माणूस तिकडे बघतही नाही.

“कहाँ से आये हो, भैया?” तो विचारतो.

“आदिलाबाद. आंध्र प्रदेश.”

“बहुत दूर से आये हो. पहले रूपंकर देख लो.”

रूपंकर म्हणजे इथलं ललित कलांचं संग्रहालय. भारत भवनात नाटकाचं रंगमंडल आहे, कवितेचं वागर्थ आहे, संगीताचं अनहद आहे; पण तुम्ही आलात ते रूपंकरसाठी. ते उभं केलंय चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी. शिमल्यात जन्मलेला हा माणूस आधी डाव्या चळवळीत, पत्रकारितेत होता, मग पूर्णवेळ चित्रकार झाला. इथे त्यांनी दोन बाजू केल्या. एका बाजूला शहरी चित्रकार, दुसऱ्या बाजूला लोककलावंत आणि आदिवासी कलावंत. दोन्हींना छप्पर एकच, उजेडही एकच. त्यांचं म्हणणं सरळ आहे: आज जो माणूस काम करतो आहे, मग तो मुंबईत राहो की बस्तरात, तो आजचाच कलावंत आहे. त्याला ‘जुन्या काळचा अवशेष’ म्हणून कपाटात बंद करायचा अधिकार कुणाला नाही.

तुम्ही आधी शहरी बाजूला वळता. मोठमोठे कॅनव्हास. एकावर रंगाचे नुसते पट्टे आहेत, माणूस नाही, झाड नाही. तुमच्या पुढे कॉलेजातली तीन-चार पोरं उभी आहेत. त्यांतला एक जण कंटाळून विचारतो, “इसमें है क्या?” बाकीचे खांदे उडवतात.

तुम्हाला मात्र ते पट्टे फार वेळ धरून ठेवतात. तुमच्याकडच्या गोंडांचा सर्वांत मोठा कुळदेव पेरसा पेन. त्याला तोंड नाही, हात नाहीत, पाय नाहीत. लोखंडी भाल्याचं पातं आणि चवरी, एवढ्यातच तो आहे. वर्षातले काही दिवस सोडले तर तोही झाकलेला असतो. त्या पात्यापुढे बसून बाप रात्रभर गातो आणि शेदोनशे माणसं रात्रभर ऐकतात. ‘यात आहे काय’ असं तिथे कधी कुणी विचारलेलं तुम्ही ऐकलेलं नाही. दिवाळीत दंडारी नाचाच्या फडात गुसाडी येतो. डोक्यावर मोरपिसांचा एवढा मोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं. तो कुणासारखा दिसतो, हा प्रश्नच नसतो. दिसण्यापलीकडचं दाखवायचं असेल तर आकार मोडावा लागतो, हे उटनूरच्या पोराला कुठल्याही कॉलेजात जाऊन शिकावं लागत नाही. तुम्ही पट्ट्यांसमोर सरळ उभे राहता. आधुनिक चित्र आपल्याला कळायचं नाही ही भीती घरूनच बांधून आणली होती. ती इथे सुटून जाते.

मग चौक ओलांडून तुम्ही दुसऱ्या बाजूला येता.

आधी बस्तरचं पितळ दिसतं. मेणाचे धागे गुंडाळून केलेला साचा, त्यावर माती, मग भट्टी, मग ओतलेला धातू. हात लावू नये अशी सूचना आहे, तरी बोटांना ती वीण ओळखीची वाटते. तुमच्याकडे उशेगावचे ओझा असंच काम करतात. दिवे, घंटा, देवाचे दागिने. त्यांच्या वस्तू तुम्ही लहानपणापासून बघत आला आहात, पण त्या कुणी ओतल्या असं कधी विचारलं नव्हतं. ‘ओझानं केल्या’ एवढंच उत्तर पुरे असायचं. पुढे भिलांच्या पिठोरा चित्रांतले घोडे, रांगेनं उधळलेले.

आणि मग तो कागद.

काळ्या रेषेनं बांधलेला एक प्राणी, त्याच्या अंगभर ठिपके. ठिपक्यांच्या ओळी, ओळींची वळणं, वळणांतून हलणारं अंग. शिंगं वर जाता जाता फांद्या होतात. रंग दुकानातल्या बाटलीतले आहेत, गेरू-खडूचे नाहीत. पिवळा आणि लाल असे की डोळ्यांवर येतात. भिंतीवर बोट फिरवताना माती जशी थांबते, वळते, तशीच ही रेषाही थांबते नि वळते. एक गोष्ट तुम्हाला लगेच कळते. हा माणूस गाणाऱ्या घरातला आहे. किकरीवर बाप एकच सूर धरून त्याला बारीक बारीक हेलकावे देतो आणि त्या हेलकाव्यांतून कुळाची कथा पुढे सरकते. इथे ठिपके तेच करत आहेत.

आता खाली बघा. चित्राखाली एक पट्टी आहे. तिच्यावर जमातीचं आणि जिल्ह्याचं नाव आहेच, पण त्याच्या आधी माणसाचं नाव आहे: जनगढ सिंह श्याम.

इथेच उभे राहा आणि चाळीस वर्षं मागे चला.

१९४०च्या दशकाची सुरुवात. निजामाचं राज्य. जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा लढवय्या नेता कुमराम भीम मारला गेला त्याला फार दिवस झालेले नाहीत. उटनूरच्या पुढे, जैनूरजवळच्या मारलवाई गावात ऑस्ट्रियाहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी झोपडीत राहताहेत. अंगणात परधान गातो आहे आणि साहेब लिहून घेतो आहे. त्यांनी इथे फार मोलाचं काम केलं. गोंडांच्या जमिनीसाठी ते सरकारदरबारी भांडले, १९४३पासून मुलांच्या शिक्षणाची योजना उभी केली. पुढे बेट्टींना याच मारलवाईत माती दिली गेली आणि आजही गाव दोघांना मानतं. १९४८ साली त्यांचं गोंडांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. परधानांनी जिभेवर जपलेल्या कुळकथा त्यात आहेत, आणि पुस्तकाच्या पाठीवर हायमेनडॉर्फांचं नाव आहे.

त्याच काळात नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात दुसरं एक पुस्तक आकाराला येत होतं. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचे आयुष्यभराचे सोबती शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ पाटनगढला परधानांमध्ये राहत होते. १९४६ साली त्यांचं परधानांवरचं पुस्तक इंग्रजीत छापून आलं. आपलेपणानं लिहिलेलं, माणसांत राहून लिहिलेलं पुस्तक. त्याच्याही पाठीवर नाव लिहिणाऱ्याचं. त्यात कुणाची लबाडी नव्हती. पुस्तकांची रीतच ती होती. ज्यानं ऐकून लिहिलं त्याचं नाव वर, ज्यानं गायलं त्याच्या जमातीचं नाव आत.

त्याच पाटनगढला १९६०च्या आसपास एक मूल जन्मलं. घरची गरिबी, शाळा अर्ध्यावर सुटलेली, मजुरी आणि गुरं. १९८१ साली स्वामीनाथन यांनी कलेच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या मध्य प्रदेशातल्या गावोगाव पाठवल्या. गावात जा, कोण काय घडवतं ते बघा, त्याच्याशी बोला. पाटनगढच्या एका झोपडीच्या भिंतीवर त्यांना हनुमानाचं चित्र दिसलं. कुणी काढलं म्हणून त्यांनी विचारलं. त्या एका प्रश्नातून विशीतला जनगढ भोपाळला आला.

‘कुणी काढलं?’ हा प्रश्न महाराष्ट्रात त्याआधीच विचारला गेला होता. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या गंजाड गावी पोचले. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिण्याचं काम सवाष्णींचं. पण तिथे त्यांना जिव्या सोमा मशे हा पुरुष रोज, लग्न असो नसो, चित्रं काढताना भेटला. पुढे काळा घोड्याला, जहांगीर कलादालनाच्या इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत, मशे यांची चित्रं त्यांच्या नावानं लागली. तोवर वारली चित्र हे ‘वारल्यांचं’ होतं. त्या भिंतीवर ते जिव्या सोमा मशे यांचं झालं आणि त्यामुळे ते कमी वारली झालं नाही.

आता परत १९८२मध्ये या. तुमच्या शेजारी एक बाई उभी आहे, हातात झाडू किंवा घमेलं असावं अशा सवयीनं हात बाजूला धरून. इथल्या बांधकामावर झाबुआकडच्या भिल बाया दगड-माती वाहत होत्या. त्यांच्यातल्या भूरीबाईला स्वामीनाथन यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे भिंतीवर काय काढतात ते कागदावर काढशील का? तिनं काढलं. ज्या इमारतीसाठी तिनं दगड वाहिले तिच्या आत आता तिच्या चित्रांना जागा आहे. तुमच्या शेजारची बाई भूरीबाई नव्हे, बांधकामावरचीच दुसरी कुणी असेल. ती एका चित्राकडे बोट दाखवून आपल्या पोराला काहीतरी सांगते, आणि ते पोर मान हलवतं.

खालच्या अंगाला छापचित्रांची कार्यशाळा आहे. दारातून आत बघा. शाईचा वास, यंत्राचं चाक, आणि एक सडसडीत तरुण कागदावर वाकलेला. त्याला हाक मारायची तुमची इच्छा होते. कोणत्या भाषेत मारणार? त्याची घरची बोली वेगळी, तुमची वेगळी. त्याच्याकडे किकरीऐवजी बाना वाजवतात, त्याचा बडा देव साजाच्या झाडात राहतो. तरी दोघांचं मूळ काम एकच. दुसऱ्यांच्या कुळांची नावं सांभाळायची. तो मान वर करत नाही. तुम्ही दारातच थांबून त्याचा हात कसा चालतो ते बघता. मनगट टेकवायचं नाही, कोपरातून रेषा ओढायची.

त्याच्या पुढ्यातलं आयुष्य तुम्हाला ठाऊक आहे. १९८६ साली राज्याचा शिखर सन्मान. १९८९ साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातलं मोठं प्रदर्शन, जगभरच्या समकालीन कलावंतांच्या रांगेत. ज्या शहरात मंडला जिल्ह्याचाच मुलगा सय्यद हैदर रझा १९५०पासून चित्रं काढत होता, त्या शहरात मंडल्याच्या परधानाची रेषा पोचली. एकाच रानातून निघालेले दोघे, एक कलाशाळेच्या वाटेनं, दुसरा झोपडीच्या भिंतीवरून. १९९६ साली पुरी झालेल्या भोपाळच्या नव्या विधानभवनाच्या भिंतीही जनगढनं रंगवल्या. ती वास्तूसुद्धा कोरियांचीच.

आणि हेही ठाऊक आहे, की ३ जुलै २००१ रोजी जपानच्या निगाता प्रांतात, तोकामाचीच्या मिथिला संग्रहालयात निवासी कलावंत म्हणून राहत असताना जनगढनं आपलं आयुष्य संपवलं. चाळिशीच्या उंबरठ्यावरचं वय. घरापासून इतक्या दूर त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्याबरोबर गेलं. पण त्याच्या मृत्यूनंतर देशातल्या अनेक चित्रकारांनी आणि लेखकांनी जे प्रश्न उभे केले ते खरे होते, आजही आहेत. कलावंताला परदेशी बोलावताना करार कुणाच्या भाषेत होतो, मोबदला कोण ठरवतं, परत यायचं झालं तर त्याच्या हातात काय असतं? चित्राखाली नाव आलं म्हणजे हक्क आला असं होत नाही. नाव ही सुरुवात आहे. त्याच्या मागून मोबदला, करार, मान हे सगळं यावं लागतं.

तरी त्या नावानं काय केलं ते बघा. जनगढनं भोपाळच्या आपल्या घरात भावंडं, भाचे-पुतणे बोलावून घेतले, त्यांच्या हाती कुंचले दिले. त्याची पत्नी ननकुसिया आणि मुलं चित्रकार झाली. पाटनगढ आज घराघरात चित्रकार असलेलं गाव आहे. त्याच गोतावळ्यातला भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेला आणि ते महानगर त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. बिग बेनचं घड्याळ त्याला वेळ सांगणाऱ्या कोंबड्यात दिसलं, जमिनीखालची रेल्वे मातीतल्या जिवाच्या रूपात दिसली. २००४ साली त्या चित्रांचं पुस्तक निघालं आणि त्याच्या पाठीवर नाव भज्जू श्यामचं आहे. २०१८ साली त्याला पद्मश्री मिळाली. १९४६ ते २००४. ज्या गावाविषयी दुसऱ्यानं लिहावं लागत होतं, त्या गावचा माणूस आता लंडनविषयी सांगत होता आणि जग ऐकत होतं.

पुन्हा १९८२. भोपाळहून तुम्ही घरी येता. बाप अंगणात बसलाय. काय पाहिलं, असं तो विचारतो. तुम्ही ठिपक्यांचं सांगता, शिंगांच्या फांद्यांचं सांगता, तलावाचं सांगता. शेवटी सांगता, “बाबा, खाली त्याचं नाव लिवलं हाय.”

बाप थोडा वेळ काही बोलत नाही. मग विचारतो, “बापाचं बी लिवलं का?”

परधानाचा प्रश्न. नाव एकट्याचं नसतं, ते कुळाच्या ओळीत बसतं, आणि ओळ तुटू न देणं हे आपलं काम, असं तो जन्मभर मानत आला. तुमच्याकडे उत्तर नसतं.

आता वर्तमानात या. उटनूर आता तेलंगणात आहे. २०१६ साली जुना आदिलाबाद जिल्हा फुटला तेव्हा मारलवाई, जोडेघाट, उशेगाव कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले, उटनूर आदिलाबादेत राहिलं. २०१८ साली आदिलाबादच्या ओझांच्या ढोकरा पितळकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत दोन नावं एकाच वर्षी आली: भोपाळच्या बांधकामावर दगड वाहिलेल्या भूरीबाई, आणि मारलवाईचे गुसाडी नृत्याचे गुरू कनक राजू. मोरपिसांच्या मुकुटाखालचा माणूस कोण, हे त्या दिवशी देशाला नावानिशी कळलं. कनक राजू २०२४ साली गेले. त्यांच्याकडे शिकलेली पोरं दर दिवाळीत दंडारीत नाचतात.

पण एवढ्यानं काम भागलेलं नाही. गुसाडीचे फोटो दिनदर्शिकांवर, पर्यटनाच्या फलकांवर, लग्नाच्या मंडपांवर दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं ‘आदिवासी नृत्य’. पितळी दिवा दुकानात विकला जातो तेव्हा मानांकनाचा शिक्का असतो, ओतणाऱ्याचं नाव बहुधा नसतं. किकरी वाजवणारे हात दरवर्षी कमी होताहेत. त्यांची ध्वनिमुद्रणं निघतात, त्यांवर ‘पारंपरिक’ असं लिहून लोक मोकळे होतात. परंपरा स्वतः गात नाही. गळा एका माणसाचा असतो, त्याला घर असतं, बाप असतो, गाव असतं.

म्हणून, उटनूरहून निघा किंवा पुण्याहून, मोठ्या शहरात आधुनिक कलेच्या संग्रहालयात जाल तेव्हा बिचकू नका. मुंबईत काळा घोड्याला कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. भोपाळचं रूपंकर आजही तलावाकाठी आहे. कळेल की नाही याची काळजी बाहेर ठेवा. चित्रासमोर पुरेसा वेळ उभे राहा. तुमच्या गावात, तुमच्या देवघरात, तुमच्या आजीच्या रांगोळीत जे तुम्ही न विचारता मानलंत, त्याच डोळ्यांनी बघा. मग खाली वाका आणि नाव वाचा. नाव असेल तर ते लक्षात ठेवून घरी जा, पुढच्याला सांगा. नाव नसेल तर तिथल्या माणसाला विचारा: हे कुणी केलं? उत्तर आलं नाही तर संग्रहालयाच्या वहीत लिहून या.

आणि आपल्या गावी परतलात की तोच प्रश्न विचारा. किकरी कुणी कोरली, मुकुट कुणी बांधला, दिवा कुणी ओतला, गाणं कुणी गायलं. फोटो काढलात तर नाव लिहा, बापाचं आणि गावाचंही लिहा. पाटनगढच्या एका भिंतीसमोर कुणीतरी एकदा हाच प्रश्न विचारला आणि कित्येक घरांना पोट आणि मान मिळाला. उटनूरच्या अंगणात तो अजून पुरेसा विचारला गेलेला नाही. तो विचारायला कुठल्याही कलाशाळेची पदवी लागत नाही, आणि उशीरही झालेला नाही. गाणारे अजून आहेत.